स्पर्शाला दंडवत

वऱ्हाडातल्या रिद्धपूरच्या महानुभाव पंथाच्या देवस्थानांत भाविक कपाळ टेकवतो ते ओट्यावर. पंथ ज्यांना अवतार मानतो ते गोविंदप्रभू इथे बसले, इथे निजले, इथे जेवले, अशी एकेका ओट्याची ओळख. घरच्या देवपूजेत असतो 'विशेष' : अवताराचा स्पर्श झालेल्या दगडाचा तुकडा. कापडात जपून ठेवायचा, दर्शनाच्या वेळी डोळ्यांना, कपाळाला लावायचा.

इतर देवतांची पूजा ठामपणे नाकारणारा हा पंथ दगडापुढे का वाकतो, हे मला उमगलं जुन्या गोव्यात, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपुढे. कॅथॉलिक भाविक जपमाळ, रुमाल संताच्या अवशेषांना किंवा त्यांच्या पेटीला लावून घरी नेतात. रुमाल काही देव होत नाही, मोल स्पर्शाचं. विशेषाचंही तेच.

मग ही रीत कुणी कुणाकडून घेतली? पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 साली आणि पंथाचे संस्थापक चक्रधर तेराव्या शतकातले, तेव्हा तिकडून येणं शक्यच नाही. बौद्धांची बाजू मात्र भक्कम आहे. बुद्धाचं भिक्षापात्र, बोधिवृक्ष अशा त्याच्या वापरातल्या गोष्टी ते 'पारिभोगिक' म्हणून वंदतात, आणि महाराष्ट्राच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांना तोटा नाही. तरीही मी हा वारसा मानत नाही. अवतारांच्या स्थानांची नोंद ठेवणारी 'स्थानपोथी' उघडून पाहा. कोणत्या दारातून आत गेले, कोणत्या दिशेला तोंड करून बसले, इतकंच काय, लघुशंकेला कुठे गेले, तेही तिथे टिपलेलं आहे. ही चिकाटी चरित्रकाराची.

आणि चरित्रकार रिद्धपुरातच होता. पंथाच्या परंपरेप्रमाणे 1274 च्या सुमारास चक्रधर उत्तरेकडे निघून गेले. नागदेवाचार्य आणि इतर शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. त्यांतल्याच म्हाइंभटांनी नागदेवांना विचारून, ज्याने जे पाहिलं त्याला गाठून आठवणी जमवल्या, पडताळल्या आणि रिद्धपूरच्या वाजेश्वरीत 'लीळाचरित्र' हे चक्रधरांचं चरित्र सिद्ध केलं. लीळा, म्हणजे अवताराच्या आयुष्यातला प्रसंग, विचारायची म्हणजे 'कुठे घडली' हेही विचारावंच लागतं. माझं मत सरळ आहे : ओटा हे या विचारपुशीचं अपत्य. ग्रंथाने प्रसंग राखला, ओट्याने जागा. देव समोर नसताना स्थान, प्रसाद, भिक्षुक (संन्यासी) आणि वासनिक (गृहस्थ अनुयायी) यांचा आधार घ्यावा, ही पंथाची शिकवणही त्याच विरहातली.

ओटा जागचा हलत नाही; विशेष झोळीतून कुठेही जातो. झेवियरचा उजवा हात 1614 मध्ये रोमला नेला, तोही स्पर्श असा दूर नेता यावा या गरजेपोटी. महानुभाव पंजाबात पोचले, तिथे 'जयकृष्णी' म्हणून ओळखले गेले. गोदाकाठ आणि वऱ्हाड मागे राहिले, तरी तिथल्या दगडाचा तुकडा सोबत नेता येत होता.