चाळिशीनंतरचा आखाडा

वऱ्हाडात व्यायामाची गोष्ट निघाली की बोलणे अमरावतीच्या हनुमान आखाड्याकडे वळते, आणि ते योग्यच आहे. १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी जो आखाडा काढला, त्याचेच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले आणि अमरावतीचे नाव कापसाच्या गाठींखेरीज आणखी एका गोष्टीसाठी देशभर ठाऊक झाले. त्या संस्थेचा गौरव पुष्कळ अधिकारी लोकांनी केला आहे; त्यात भर घालण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. हजेरीपटावरची नावे वाचताना गैरहजर कोण आणि का, हे आधी पाहण्याची आम्हांला सवय आहे. तोच प्रश्न आज या इतिहासाला विचारावयाचा आहे. आखाड्यात तरुण आले, विद्यार्थी आले, शिक्षक आले. याच गावांत जीन-प्रेसमध्ये राबणारा, चाळिशी ओलांडलेला माणूस तेथे का आला नाही?

प्रथम हे पाहू की संघ व्यायाम ही वस्तू आली कोठून. जुनी तालीम ही वस्तादाची. लाल माती, चार-सहा शागीर्द, प्रत्येकाच्या अंगावर वस्तादाची नजर. जोर-बैठका ज्याच्या त्याच्या, मोजणी ज्याची त्याची. शंभर माणसांनी एका हुकुमावर, एका ठेक्यात व्यायाम करावा ही कल्पना अलीकडची. बडोद्याला राजरत्न माणिकराव यांनी जुम्मादादांच्या व्यायाममंदिरात कवायतीचे हुकूम देशी भाषेत बांधले आणि संघ व्यायामाला रूप दिले. त्याच बडोद्यातून आबासाहेब मुजुमदारांच्या व्यायामज्ञानकोशाचा पहिला खंड १९३६ साली निघाला. अमरावतीने या विद्येला वर्ग दिला. १९२४ पासून उन्हाळ्याच्या सुटीत येथे शिक्षणवर्ग भरू लागले. आपला उन्हाळा कसा असतो हे आपणांस सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या वर जातो. तशा दिवसांत परप्रांतांतून माणसे येथे येत, लाठी, लेझीम, मल्लखांब शिकत आणि आपापल्या गावी जाऊन इतरांना शिकवीत. एक शिक्षक, एक मोकळे मैदान आणि शंभर माणसे: गरीब देशाला परवडणारा असा हा हिशेब होता.

पण त्या काळाला हवा होता तो तरुण. हुतात्मा राजगुरूंनी अमरावतीच्या आखाड्यात शिक्षण घेतले, ही गोष्ट वऱ्हाडात अभिमानाने सांगितली जाते. स्वराज्य मिळवावयाचे होते, म्हणून मनगटे तयार करावयाची होती. पन्नाशीच्या हमालाची पाठ सरळ राहावी, हा विचार त्या घाईत कोणाला सुचला नाही, यात नवल नाही.

तरी चाळिशीत व्यायामाला आरंभ करून तो तडीस नेणारा एक माणूस महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी १८६८ साली जन्मले. काही वर्षे त्यांनी युजेन सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला आणि १९०८ पासून, म्हणजे वयाच्या चाळिशीत, नित्य सूर्यनमस्कार सुरू केले. पुढे आपल्या संस्थानातल्या शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सामुदायिक रीतीने चालू केले, त्यांवर पुस्तके लिहिली, आणि १९५१ साली, ८२ वर्षांचे आयुष्य पुरे करून ते गेले. राजेसाहेबांच्या निश्चयाबद्दल आम्हांला पूर्ण आदर आहे. मात्र त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पहाट त्यांच्या मालकीची होती. त्यांच्या वाड्यावर भोंगा वाजत नव्हता.

भोंगा ज्याच्या डोक्यावर वाजत होता त्याचा दिवस कसा होता? कारखान्याचा कायदा आम्ही शाळेत शिकलो नाही, फाटकावर उभे राहून शिकलो. म्हणून सनावळी तोंडपाठ आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि पुष्कळ झगडून १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळवली. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांचा ठरवला. म्हणजे अमरावतीत आखाडा निघाला तेव्हा बारा तास काम ही कायद्याची मेहेरबानी होती! १९२२ साली दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास अशी मर्यादा आली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांना दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांची मर्यादा घातली. पण हंगामी कारखाने त्यातून वगळून त्यांचे ११ आणि ६० तास तसेच ठेवले. आता हंगामी कारखाना म्हणजे कोणता? वऱ्हाडापुरते बोलावयाचे तर जिनिंग आणि प्रेसिंग! अमरावती, अकोला, खामगावचे जीन-प्रेस कामगार सगळे या वगळलेल्यांत आले. १९४८ च्या कायद्याने हा भेद काढून टाकला आणि सर्वांना दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास लागू झाले.

हे आकडे समोर ठेवून आखाड्याची वेळ पाहा. आखाडा भरतो पहाटे आणि दिवेलागणीला. अकरा तासांचे काम, मधली सुटी आणि घर ते फाटक ही पायपीट मिळून त्या दोन्ही वेळा गिळल्या जात. कामगार आळशी होता म्हणून आखाड्यापासून दूर राहिला, असे जो म्हणेल त्याने हा हिशेब आधी खोडून दाखवावा. स्त्रियांचा हिशेब तर याहून कठीण. जिनिंगमध्ये कापूस वेचणाऱ्या, सरकी-रुई उचलणाऱ्या बाया घरी आल्या की दुसरी पाळी सुरू होई, आणि त्या पाळीला कोणताही कायदा लागू नव्हता, आजही नाही.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. दिवसभर जो बोजे उचलतो त्याला व्यायाम कशाला? अंगमेहनत हाच त्याचा व्यायाम! हा आक्षेप वरवर खरा वाटतो, आणि त्याच्या एका बाजूला शास्त्राचा आधारही आहे. १९५३ साली डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष त्यात होते. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, दुमजली बसचे जिने चढ-उतार करीत तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी, असे त्यांना आढळले. मध्यमवयात शरीर हलते ठेवण्याचे महत्त्व जगाला पटू लागले ते अशा कामगारांच्या पाहणीतून, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

पण कंडक्टरचा जिना वेगळा आणि हमालाचे पोते वेगळे. क्विंटलभराचे पोते त्याच पाठीवर, त्याच बाजूने, दिवसाला कितीदा हे मुकादम ठरवणार. अंग दुखले म्हणून ओझे कमी होत नाही, दम लागला म्हणून गाडी थांबत नाही. व्यायामात याच्या उलट असते. ओझे आपण ठरवतो, हळूहळू वाढवतो, एक अवयव थकला की दुसऱ्याला लावतो, आणि मग विश्रांती घेतो. शरीर बळावते ते या विश्रांतीत. ज्या कामात ती नाही ते काम शरीर झिजवते. फावल्या वेळातल्या व्यायामाचा जो लाभ हृदयाला होतो तो जड मजुरीने होतोच असे नाही, हे अलीकडच्या काळात युरोपातल्या पुष्कळ पाहण्यांतून पुढे आले आहे. आपल्या मोंढ्यातल्या म्हाताऱ्या हमालाच्या गुडघ्यांनी ते कधीच सांगून ठेवले होते.

आता कोणी म्हणेल, झिजायचे ते झिजून गेले, पन्नाशीत काय उपयोग? त्यालाही उत्तर आहे. १९९० साली बोस्टनमधील एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांना पायांच्या स्नायूंसाठी वजनांचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी आठ आठवडे पुरे केले. त्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीला जे जमते ते पन्नाशीला जमणार नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमच्या युनियनमधल्या दहा-बारा पन्नाशीच्या माणसांनी अलीकडे पहाटेचा वर्ग धरला, तो या वाचनाच्या बळावर. कोणी जिनिंगमधला, कोणी बाजार समितीतला हमाल, कोणी बंद पडलेल्या मिलचा जुना जॉबर. आधी रक्तदाब तपासून घेतला, गुडघ्यांविषयी डॉक्टरांना विचारले. पहिल्या दिवशी एकजण म्हणाला, “आता ह्या वयात पयलवान व्हाचं हाये का गा?” शेजारच्याने उत्तर दिले, “पयलवान नाही व्हाचं, घरचा जिना चढाचा हाये.” आमच्या वर्गाचे सगळे धोरण या उत्तरात आले. अर्ध्या बैठका, भिंतीला हात टेकून जोर, रेती भरलेले डबे, आणि शेवटी लेझीम. काही महिन्यांनी चार बायाही आल्या. प्रथम कोपऱ्यात, मग रांगेत. एकट्याने धरलेला नेम आठ दिवसांत सुटतो, पण रांगेत आपली जागा रिकामी दिसली की शेजारी घरी विचारावयास येतो. हजेरीचे हे बंधन पगाराशिवाय पाळले जाते, हे आम्ही रोज पाहतो. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी भरून राजराजेश्वराला नेणाऱ्या कावडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. एकट्याला न पेलणारे वजन पंधरा-वीस कोसांची वाट नसली तरी कित्येक मैल चालते, कारण खांदा देणारे पुष्कळ असतात. ते बळ वर्षातून एक दिवस दिसते. आम्हांला ते आठवड्यातून चार दिवस हवे आहे.

रांगेचे गुण सांगितले, तसा तिचा धोकाही सांगितला पाहिजे. १९३६ साली अमरावतीच्या मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या वेळी तेथे त्याने हुतुतूसारखे देशी खेळ करून दाखवले. वऱ्हाडच्या मुलांनी एवढ्या दूर जाऊन आपली विद्या मांडली, याचा अभिमान आम्हांलाही आहे. पण त्याच जर्मनीत कामगारांच्या स्वतःच्या व्यायामसंस्था १८९३ पासून होत्या, त्यांचे लाखो सभासद होते, आणि १९२५ साली फ्रँकफुर्टला त्यांनी कामगारांचे ऑलिंपिक भरवले होते. मे १९३३ मध्ये नाझींनी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि त्याच वर्षी या व्यायामसंस्थाही मोडल्या. मैदाने तीच राहिली, रांगाही राहिल्या. हुकूम देणारा बदलला. तीन वर्षांत ऑलिंपिक झाले आणि आणखी तीन वर्षांत त्या रांगा युद्धावर निघाल्या. म्हणून आमच्या वर्गात हुकूम देणारा पाळीपाळीने बदलतो, आणि ज्याला थांबावेसे वाटेल तो न विचारता थांबतो.

शेवटी पुन्हा तासांकडे यावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी जे मार्गदर्शन केले त्यात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम आणि निदान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. दीडशे मिनिटे म्हणजे अडीच तास. आठवड्याच्या ४८ तासांपुढे ही मागणी लहान दिसते. पण ती घ्यावयाची कोठून? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर आणि दुकानांतली ९ वरून १० तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला कामगाराची संमती लागेल, हे खरे. परंतु बारा हा आकडा आम्हांला १९११ च्या कायद्यात भेटलेला आहे. सुटीचा एक दिवस वाढला तरी राबण्याच्या दिवसाची पहाट आणि संध्याकाळ जाते, आणि शरीर आठवड्याची बेरीज करीत नाही, ते रोजचा हिशेब ठेवते.

म्हणून आमचे मागणे दोन ठिकाणी आहे. अमरावती व अकोला या दोन्ही शहरांच्या महापालिकांनी पहाटे पाचला मैदानांची फाटके उघडावीत, दिवा व पाण्याची सोय करावी आणि बायांना निर्धास्त येता येईल अशी व्यवस्था ठेवावी. कामगार संघटनांनी पुढल्या मागणीपत्रात वेतन व बोनस यांच्याबरोबर पाळीच्या वेळेचे कलम घालावे. व्यायामाला उरेल अशी एक तरी वेळ, सकाळची वा संध्याकाळची, कामगाराच्या हाती राहिली पाहिजे. वैद्य बंधूंनी तरुणांसाठी मैदान उघडले त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. त्या तरुणांच्या बापांना अजून आत यावयाचे आहे.