वहीचं मागचं पान

मंडळी, आमच्या गॅलरीतून खोपटचा एसटी डेपो दिसतो. गेल्या महिन्यात नात सुट्टीला आली होती. दुपारभर कागद-पेन्सिल घेऊन तिथेच बसून. शेवटी वैतागून म्हणाली, "आजोबा, माणसं थांबतच नाहीत हो!"

मी म्हटलं, "अगं, धुरंधरांसाठीही थांबत नसत."

महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४). जन्म कोल्हापूरचा. १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून शिरले, पुढे तिथेच शिक्षक झाले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आत्मचरित्राचं नाव. जे. जे.तला अभ्यास तेव्हा प्लास्टरच्या पुतळ्यांवरून चाले. पुतळा हलत नाही, दमत नाही! पण धुरंधरांचं लक्ष रस्त्यावरच्या माणसांकडे. बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना १८९५ साली मिळालं, तेही 'हॅव यू कम लक्ष्मी?' या घरगुती प्रसंगाच्या चित्राला.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर सांगत, चालता माणूस मिनिटभरच मिळतो. त्यात नाक-डोळे शोधत बसू नये. आधी तोल पकडावा, भार कुठल्या पायावर आहे तो. डोक्यावर पाटी असली की मान ताठ होते, कंबर एका बाजूला जाते. मग लुगड्याच्या दोन-चार मुख्य चुण्या. बाकीचं घरी, आठवणीतून. रंग तर सगळ्यात शेवटी. धुरंधरांची चित्रं पाहताना मला हे बोलणं नेहमी आठवतं. चेहरा झाकला तरी बाई कुठल्या भागातली, काय काम करणारी, हे नेसण्यावरून आणि उभं राहण्यावरून कळतं.

आता इतिहासाचा मास्तर म्हणून एक शंका. ही चित्रं छापली कोणासाठी? 'बायवेज ऑफ बॉम्बे' (१९१२) लिहिणारे एडवर्ड्स हे त्या वेळी मुंबईचे पोलीस कमिशनर. 'विमेन ऑफ इंडिया' (१९२०) लिहिणारे रॉथफील्ड आय. सी. एस. अधिकारी. साहेबाला हव्या होत्या जाती, प्रांत, धंदे, म्हणजे माणसांचे नमुने. चित्राखाली नाव नाही, जात किंवा धंदा आहे. ही बाई कोण होती, तिला कोणी विचारलं होतं का, हे चित्रावरून कळत नाही. हा दोष मला डाचतो. तरीही, मजकूर साहेबाचा असला तरी रेघ आपल्या माणसाची आहे. मजकूर जुना झाला, रेघ अजून जिवंत आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, ते त्या रेघेसाठीच.

आता कबुली देतो. नोकरीत असताना एका मुलाच्या इतिहासाच्या वहीचं मागचं पान मी टरकन फाडलं होतं. त्यावर आमचा शिपाई होता, स्टुलावर बसल्या बसल्या डुलक्या घेणारा, हातातली घंटा सुटायच्या बेतात. चित्र हुबेहूब होतं, म्हणून तर वर्ग हसला. मी मात्र त्याला पानिपतच्या तिसऱ्या लढाईची कारणं दहा वेळा लिहायला लावली. पानिपतची कारणं शंभर पुस्तकांत आहेत. त्या शिपायाचं चित्र मात्र आता कुठेच नाही. शिपाईही नाहीत. त्या मुलाने पुढे कधी चित्र काढलं की नाही, विचारायचं राहूनच गेलं.

नातीने संध्याकाळी वही दाखवली. बाकावर झोपलेला कंडक्टर, डोळे नाहीत, पण मान बरोबर कलंडलेली. मी त्याखाली फक्त तारीख आणि "खोपट" असं लिहायला सांगितलं. तिने आपणहून आणखी एक गोष्ट केली. खाली जाऊन कंडक्टरला त्याचं नाव विचारून आली!

असो. घरातल्या जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी मागची पानं जरूर बघा.