घर-संलग्नता, पटखेळांतील

चौरस घरांच्या पटावर एखाद्या घराची शेजारची घरे कोणती मानावयाची, हे ठरविणारा नियम. पटाच्या अंतर्भागातील प्रत्येक घराला चार घरे पूर्ण बाजूने भिडतात व आणखी चार घरे केवळ कोपऱ्याच्या बिंदूपाशी टेकतात. पहिली चारच शेजारी धरल्यास बाजू-संलग्नता मानली जाते. आठही धरल्यास तीत कर्ण-संलग्नतेची भर पडते.

हा भेद वरवर किरकोळ वाटला, तरी खेळाचा निकाल त्यावर अवलंबून असतो. दोन बाय दोन घरांच्या चौकात समोरासमोरच्या कोपऱ्यांत रस्ता व उरलेल्या दोहोंत भिंत असेल, तर आठ शेजारी मानल्यास दोन्ही अखंड राहतात, म्हणजे रस्ता भिंत ओलांडून जातो. चारच मानल्यास दोन्ही तुटतात. म्हणून एकाला चार व दुसऱ्याला आठ शेजारी देणे हाच सुसंगत मार्ग ठरतो. ‘गो’ या प्राचीन चिनी खेळात तो सहजपणे साधला आहे. त्यात सोंगट्या रेषांच्या छेदबिंदूंवर ठेवतात व त्या रेषांवरूनच परस्परांशी जोडल्या जातात. परंतु प्रतिपक्षाला कोंडण्यास तिरकी रांगही पुरते.

गणितात जॉन फोन नॉयमान (१९०३–५७) यांनी स्वयंप्रजननक्षम यंत्राच्या प्रतिकृतीत चार शेजारी घेतले, तर जॉन कॉनवे यांच्या ‘लाइफ’ (१९७०) या खेळात आठ घेतले आहेत. नगररचनेच्या खेळांत बहुधा बाजूलाच महत्त्व मिळाले. विल राइट यांच्या ‘सिमसिटी’त (१९८९) वीज बाजूंवरूनच वाहते, तीन बाय तीन घरांच्या वस्तीभोवतीची बाजूलगतची १२ घरे रस्त्यासाठी तपासली जातात, कोपऱ्यांवरची चार नाहीत. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांच्या ‘कारकासोन’मध्ये (२०००) दोन्ही नियम नांदतात : रस्ते व नगरे फरश्यांच्या बाजूंवरूनच पुढे जातात, मठ मात्र भोवतालच्या आठही फरश्या बसल्यावर पूर्ण होतो.

कर्णाच्या दिशेने दोन घरांच्या मध्यांतील अंतर बाजूच्या सुमारे १·४१ पट असते. त्यामुळे आठही दिशांच्या चालींचे मोल सारखे ठेवल्यास तिरके जाणाऱ्यास अवाजवी लाभ होतो. षट्कोनी घरांत ही अडचण उरत नाही. तेथे प्रत्येक शेजारी पूर्ण बाजूनेच भिडतो व सहाही अंतरे समान असतात. पीट हाइन यांचा ‘हेक्स’ (१९४२) अशा पटावर खेळतात. ‘सिव्हिलायझेशन’ या संगणकीय खेळमालिकेनेही पाचव्या भागात (२०१०) चौरस सोडून षट्कोन स्वीकारला.