फाइल-देवाणघेवाण प्रणालींतील गप्पा आणि मित्रयादी

एका संगणकावरील फाइल दुसऱ्याला थेट देणाऱ्या प्रणालींत वापरकर्त्यांच्या परस्पर संभाषणासाठी व ओळखीच्यांची नोंद ठेवण्यासाठी असलेल्या सोयी. १९९९ मध्ये सुरू झालेल्या नॅपस्टरमध्ये गप्पांच्या खोल्या होत्या, तसेच निवडक वापरकर्ता जोडलेला आहे की नाही हे दाखवणारी यादीही होती. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पवई येथील आयआयटीच्या वसतिगृहांतील अंतर्गत जाळ्यावर चाललेले डीसी++. या प्रणालीत ‘हब’ हा मध्यवर्ती सर्व्हर फाइली साठवत नाही. तो जोडलेल्यांची यादी, शोधाच्या विनंत्या आणि सार्वजनिक गप्पा यांची ने-आण करतो, प्रत्यक्ष फाइल मात्र दोन संगणकांमध्ये थेट जाते. प्रत्येकाकडे एकाच वेळी फाइल देण्याच्या जागा, म्हणजे ‘स्लॉट’, मर्यादित असतात; त्यामुळे रांगेत ताटकळणाऱ्याने खासगी संदेश पाठवून स्लॉट मागणे आणि देणाऱ्याने तो जादा देणे हा व्यवहार गप्पांतूनच होतो. पसंतीच्या वापरकर्त्याला असा स्लॉट आपोआप मिळावा, अशी तजवीजही करता येते. मित्रयादी ही केवळ पत्त्यांची वही न राहता वशिल्याचे साधन बनते, ते इथेच. सोलसीक या अशाच दुसऱ्या प्रणालीत काही फाइली फक्त यादीतील मित्रांनाच दाखवता येतात.