सातारच्या गादीची फिर्याद लंडनच्या दारी



'1839 साली छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करण्यात आले', एवढे एकच वाक्य शिकवून आम्ही शिक्षक खालसा धोरणाकडे वळतो. त्या वाक्यामागे दीर्घकाळ चाललेली एक फिर्याद आहे. इराणच्या मोसादेकांचे सरकार 1953 मध्ये आणि चिलीच्या आयेंदेंचे 1973 मध्ये उलथून टाकले गेले, तेव्हा बाहेरचे जग काय म्हणाले हा प्रश्न पुढे आला. ती सरकारे लोकांनी निवडलेली होती, सातारचे महाराज अर्थातच तसे नव्हते. पण लेखी कराराने मान्य केलेली सत्ता बळाने हिरावली गेली, तर परमुलखात तिची दाद कशी लागते, हे पाहायला साताऱ्याबाहेर जायला नको.

तो करार 25 सप्टेंबर 1819 चा. त्याने महाराजांना राज्य मिळाले. पंतप्रतिनिधी, पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, वाईचे शेख मिरा असे जहागीरदार त्या राज्याशी जोडलेले होते. महाराजांनी रस्ते बांधले, पाणी आणले, शाळा काढली. कंपनीचे लंडनमधील संचालक इतके प्रसन्न झाले की 1835 साली त्यांनी प्रशंसेचे पत्र व मानाची तलवार पाठविली. ती तलवार मात्र महाराजांच्या हाती कधीच पडली नाही! कारण तोवर जहागिरींवर हक्क कोणाचा यावरून मुंबई सरकारशी वाद पेटला होता. मग आरोप आले. महाराजांनी पलटणीतील सुभेदारांना फितविले, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, असे ते आरोप होते. गव्हर्नर सर जेम्स कर्नाक ऑगस्ट 1839 मध्ये स्वतः साताऱ्यास आले. करार मोडल्याची कबुली लिहून द्या, गादी राहील, असे त्यांनी सांगितले. महाराजांनी उघड चौकशी मागितली आणि सही नाकारली. सप्टेंबरच्या आरंभी एका रात्री रेसिडेंट ओव्हन्स शिपायांसह वाड्यात शिरले. महाराजांना पालखीत घालून लिंब गावी व पुढे काशीला नेले आणि धाकटे बंधू शहाजी यांना गादीवर बसविले.

येथून लंडनचा अध्याय सुरू होतो. महाराजांच्या वकिलांत यशवंतराव शिर्के व भगवंतराव विठ्ठल यांच्या जोडीला मीर अफझल अली होते, हे आपल्या मुलांना माहीत असावे. पुढे रंगो बापूजी गुप्ते गेले आणि 1853 पर्यंत तेथेच झगडत राहिले.

त्यांना मित्र मिळाले नाहीत असे नाही. साताऱ्याचे माजी रेसिडेंट ब्रिग्ज व लॉडविक हे दोघेही सेनाधिकारी महाराजांच्या बाजूने बोलले. ज्यांनी महाराजांना जवळून पाहिले होते, त्यांचीच ही साक्ष होती. पार्लमेंटात जोसेफ ह्यूम यांनी प्रश्न लावून धरला. गुलामगिरीविरुद्ध लढलेले जॉर्ज थॉम्पसन सभा-भाषणे गाजवीत राहिले. दिल्लीच्या बादशहानेही पुढे त्यांनाच आपला वकील नेमले. कंपनीच्या भागधारकांच्या सभेत वादविवाद झडले, कागदपत्रे छापली गेली. फक्त निकाल बदलला नाही.

माझ्या मते यात इंग्रजांच्या सहानुभूतीचा दोष नाही. ती खरीच होती. अडचण अशी की, फिर्याद ज्यांच्याविरुद्ध होती, त्यांच्यापुढेच ती चालत होती. संचालक मंडळाने मुंबई सरकारचे कृत्य मान्य केले होते आणि भागधारकांच्या खिशात नफा याच कंपनीचा पडत होता. इराणमध्येही असेच झाले. मोसादेकांना घालविण्यात ब्रिटन व अमेरिकेचाच हात होता, मग त्यांनी निषेध कशाचा करायचा? चिलीच्या वेळी मेक्सिकोने आयेंदेंच्या पत्नीला आश्रय दिला, जगभर निदर्शने झाली, तरी लष्करी राजवट 1990 पर्यंत टिकली.

इकडे प्रतापसिंह महाराज 1847 साली काशीतच वारले. पुढच्याच वर्षी शहाजी महाराज निवर्तले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेले दत्तक डलहौसीने नामंजूर केले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी विरोध नोंदविला, तोही वाया गेला, आणि 1849 साली राज्य खालसा झाले. ज्या राज्यासाठी भांडायचे ते राज्यच उरले नाही, तरी रंगो बापूजी आणखी चार वर्षे लंडनमध्ये राहिले.

परत आल्यावर त्यांनी अर्ज लिहिणे सोडले. 1857 च्या सातारच्या कटात त्यांचे नाव पुढे आले. 8 सप्टेंबर 1857 रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले, त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.