फटफटीची परिभाषा आणि तिचा इतिहास

माझ्या लहानपणी आमच्या घरी एक लूना होती. दादांबरोबर पेट्रोल भरायला गेलो, की पेट्रोलमध्ये तेलाचे एक लहानसे माप ओतलेले मी पाहत असे. एकदा न राहवून विचारले, "दादा, पेट्रोलात तेल कशाला?" दादा म्हणाले, "टू-स्ट्रोक आहे ना ती, म्हणून." टू-स्ट्रोक म्हणजे काय, हे काही त्यांना सांगता आले नाही. तेल मोजून घालणाऱ्या माणसालाही आले नाही. शब्द सगळ्यांच्या तोंडी होता, अर्थ कोणापाशीच नव्हता.

पुढे मी इतिहासाचा अध्यापक झालो. यंत्रशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पण या एका शब्दाचा माग काढता काढता मला असे दिसून आले, की फटफटीच्या परिभाषेतला प्रत्येक शब्द म्हणजे कोणाच्या तरी अडचणीतून निघालेली वाट आहे. त्या वाटेची किंमतही कोणीतरी मोजलेली असते. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

आधी चार शब्द समजून घेऊ. इंजिनात एक नळकांडे असते, त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात एक दट्ट्या वरखाली होतो, तो पिस्टन. दट्ट्याची वरून खाली किंवा खालून वर अशी एक खेप म्हणजे एक स्ट्रोक. या एका खेपेत दट्ट्या जेवढी जागा व्यापतो, तिचे माप म्हणजे सीसी, अर्थात घन सेंटिमीटर. नळकांड्याचा व्यास ५ सेंटिमीटर आणि खेपही ५ सेंटिमीटर असली, तर हिशेब ९८ सीसी येतो. यामाहाच्या आरएक्स १०० या गाडीचे माप नेमके हेच होते. नाव शंभराचे, पण माप अठ्ठ्याण्णवाचे!

हॉर्सपॉवर किंवा अश्वशक्ती हा शब्द फटफटीहून शंभर वर्षांनी जुना. जेम्स वॉटला आपली वाफेची यंत्रे विकावयाची होती, आणि गिऱ्हाईक तर घोडे राबवणारे. तेव्हा यंत्राची ताकद घोड्यांत सांगणे त्याला सोयीचे वाटले. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे, म्हणजे ढोबळमानाने एक अश्वशक्ती.

आता एक कोडे पाहा. जुन्या ३५० सीसी बुलेटचे खरे माप ३४६ सीसी, आणि ताकद १८ अश्वशक्ती. आरएक्स १०० चे माप ९८ सीसी, ताकद ११ अश्वशक्ती. म्हणजे आकाराने तिसऱ्या हिश्शाहूनही लहान, पण ताकदीने निम्म्याहून अधिक! हे कसे? एक तर ते लहान इंजिन अधिक वेगाने फिरे. आणि दुसरे कारण आपल्या शब्दात आहे. बुलेट फोर-स्ट्रोक, तर ही टू-स्ट्रोक.

हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत घेणे, ते दाबणे, ते पेटून दट्ट्या खाली ढकलला जाणे आणि धूर बाहेर टाकणे, ही इंजिनाची चार कामे. प्रत्येक कामाला एक खेप दिली, की ते झाले फोर-स्ट्रोक. जर्मनीत कोलोनजवळच्या डॉइट्झ येथे निकोलाउस ओटो याने १८७६ साली असे इंजिन यशस्वी केले. त्याच कारखान्यात काम केलेल्या गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी पुढे कान्स्टाट येथे स्वतःची कर्मशाळा काढली. १८८५ साली त्यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर २६४ सीसीचे इंजिन चढवले. ताकद म्हणाल, तर अर्धी अश्वशक्ती. आधाराला दोन्ही बाजूंना एकेक छोटे चाक. डाइमलरचा मुलगा तीवर बसून निघाला, आणि खालच्या तापलेल्या नळीमुळे बैठकीनेच पेट घेतला असे सांगतात. पहिल्या फटफटीचा पहिला प्रवास हा असा!

१८९४ साली म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी पहिल्यांदा फटफट्या विक्रीसाठी मालिकेने बनवल्या. 'मोटरराड' हा जर्मन शब्द त्यांचाच. त्या गाडीत दट्ट्याचे दांडे सरळ मागच्या चाकाला जोडलेले होते. क्लच नव्हता. त्यामुळे चाक थांबले की इंजिन थांबे. पुन्हा सुरू करावयाचे तर गाडी ढकला! इंजिन फिरत राहावे आणि चाक मात्र थांबावे, ही सोय म्हणजे क्लच. तो नसताना काय होई, हे समजले की क्लचची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आता टू-स्ट्रोककडे वळू. ओटोने आपल्या इंजिनाचे पेटंट घेतले होते, म्हणून इतरांना चार खेपांची वाट बंद होती. तेव्हा डुगाल्ड क्लार्क या स्कॉटिश गृहस्थाने चारही कामे दोनच खेपांत उरकण्याची युक्ती शोधली आणि १८८१ साली तिचे पेटंट घेतले. मौज अशी, की पाचच वर्षांनी, १८८६ साली, ओटोचे पेटंट जर्मनीत रद्द झाले. कारण हीच कल्पना बो द रोशा या फ्रेंच माणसाने १८६२ सालीच लिहून ठेवली होती. पण तोवर दुसरी वाट पडून गेली होती.

क्लार्कच्या इंजिनाला मिश्रण ढकलण्यासाठी वेगळा पंप लागे. इंग्लंडातल्या बाथ गावच्या जोसेफ डे याने तो काढून टाकला. दट्ट्याच्या खालची बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, हाच त्याने पंप केला. दट्ट्या वर जाताना मिश्रण खालच्या पेटीत ओढले जाते आणि खाली येताना बाजूच्या खिडकीतून नळकांड्यात ढकलले जाते. झडपांची यातायात नाही, भाग थोडे, किंमत कमी, आणि दर फेऱ्याला एक स्फोट.

माझ्या लहानपणच्या प्रश्नाचे उत्तर याच पेटीत होते. फोर-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल या पेटीत साठवता येते. टू-स्ट्रोकमध्ये तिच्यातून पेट्रोलचे मिश्रण वाहत असते. मग तेल ठेवणार कुठे? म्हणून ते पेट्रोलबरोबरच पाठवावे लागते, आणि बरोबरच जळते. मागून निघणारा तो निळसर धूर या तेलाचा.

दुसरे दुखणे याहून मोठे. नवे मिश्रण आत येत असते, त्याच वेळी धुराची खिडकीही उघडी असते. घरात पाहुणे येत असता मागचे दार सताड उघडे! काही मिश्रण न जळताच बाहेर पडते. जर्मनीतल्या शोपाउ गावच्या डीकेडब्ल्यू कारखान्याने अडॉल्फ श्न्युर्ले याची रचना वापरून मिश्रणाला नळकांड्यात वळसा घ्यावयास लावले, आणि ही नासाडी पुष्कळ घटली. दुसऱ्या महायुद्धानंतर हे गाव पूर्व जर्मनीत गेले. तेथील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन या इंजिनिअराने धुराच्या नळीलाच आकार दिला. ती आधी रुंदावते, मग निमुळती होते. तीतून दाबाची लाट उलटी फिरते आणि निसटणारे मिश्रण पुन्हा आत लोटते. १९६१ साली त्याने १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहू लागली. सप्टेंबरात स्वीडनमधील शर्यतीनंतर एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे पळाला आणि ही विद्या घेऊन सुझुकीकडे गेला. १९६२ साली सुझुकीच्या ५० सीसी गाडीवर त्याने जागतिक अजिंक्यपद मिळवले. काडेन मात्र शोपाउलाच राहिला. विद्या एकाची, पदक दुसऱ्याचे.

शर्यतीचे असो. आपल्याकडे टू-स्ट्रोकने केले ते काम निराळेच. राजदूत आणि जावा आल्या, १९७२ साली बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना आली. शिक्षक, कारकून, परिचारिका, दूधवाले यांच्या दारी यंत्राची गाडी आली ती स्वस्त आणि सुटसुटीत टू-स्ट्रोकमुळेच. हे ऋण विसरून चालणार नाही. पण शहरात अशा हजारो गाड्या झाल्या, तेव्हा ते उघडे दार सर्वांच्याच छातीला बाधू लागले. १९८५ साली हीरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली, ती थोड्या पेट्रोलात लांब जाई. १९९१ पासून धुरावर कायद्याची बंधने आली, ती १९९६ आणि २००० साली आणखी आवळली. मग नव्या गाड्यांतून टू-स्ट्रोक हळूहळू दिसेनासे झाले.

एका माणसाच्या पेटंटमुळे जे जन्मले, साध्या माणसाच्या खिशाने जे वाढवले, ते अखेर धुरामुळे गेले. हा सारा इतिहास त्या एका शब्दात आहे. त्याचा अर्थ आम्हांला ठाऊक असता, तर आम्ही लूना घेतली नसती असे नाही. तेवढीच परवडत होती. पण स्वस्ताई कोणाच्या खर्चाने मिळते, हे तरी कळले असते.

२०२४ साली लूना हे नाव विजेवरच्या गाडीला मिळाले. तिला दट्ट्या नाही, स्ट्रोक नाही, सीसीही नाही. तिच्याबरोबर किलोवॉट, किलोवॉट-तास असे नवे शब्द घरात येत आहेत. तुमच्या घरातले एखादे मूल त्यांचा अर्थ विचारील. "असते तसे काहीतरी," असे म्हणून त्याला वाटेला लावू नका. ठाऊक नसेल, तर दोघे मिळून शोधा.