बोट लावलं की गोष्ट पुढे जाते का? चिमुकल्यांच्या स्टोरीबुक गेम्सचा इतिहास

ऐकायला वेळ नाही, पण वाचायला आहे, अशांसाठी हे आजच्या एपिसोडचं लेखी रूप.

आज बोलायचंय अशा गेम्सबद्दल ज्यांच्यात कोणी मरत नाही, कोणी हरत नाही आणि बऱ्याचदा स्कोअरसुद्धा नसतो. खेळणारा असतो तीन-चार वर्षांचा. त्याला अजून वाचता येत नाही, आणि 'लेव्हल' म्हणजे काय हे त्याच्या गावीही नसतं. स्क्रीनवर पुस्तकाचं एक पान दिसतं, कोणीतरी गोष्ट वाचून दाखवतं, आणि चित्रातल्या झाडाला, मांजराला, खिडकीला हात लावला की काहीतरी घडतं. यांना म्हणतात इंटरॅक्टिव्ह स्टोरीबुक. अर्धं पुस्तक, अर्धा गेम.

ऐकायला बाळबोध वाटतं ना? पण या प्रकाराच्या इतिहासात एक प्रश्न पहिल्या दिवसापासून अडून बसलाय. मुलाने चित्राला हात लावला, तर व्हायला काय हवं? गोष्ट पुढे सरकावी, की नुसती गंमत व्हावी? आज घराघरात दोन-तीन वर्षांच्या पोरांच्या हातात फोन आहे. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त गेम बनवणाऱ्यांचा राहिलेला नाही.

पान उलटायचंच नाही: १९८८

ॲपलने १९८७ मध्ये मॅकिन्टॉश कॉम्प्युटरबरोबर 'हायपरकार्ड' नावाचं सॉफ्टवेअर फुकट द्यायला सुरुवात केली. ते बनवलं होतं बिल ॲटकिन्सनने. कल्पना सोपी होती. स्क्रीन म्हणजे एक कार्ड. कार्डावर एखादी जागा ठरवून ठेवायची, तिथे क्लिक केलं की दुसरं कार्ड उघडायचं. आपण आज वेबसाइटवर लिंक दाबतो ना, साधारण तसंच. फक्त तेव्हा वेब जन्माला यायचं होतं.

अमेरिकेत रँड मिलर नावाचा एक प्रोग्रॅमर होता, बँकेत नोकरी करणारा. त्याने आपल्या धाकट्या भावाला, रॉबिनला सुचवलं, की हायपरकार्ड वापरून आपण लहान मुलांचं पुस्तक करू. रॉबिन चित्रकार. त्याने पहिलं चित्र काढलं: रस्त्यावरचं मॅनहोलचं झाकण. झाकण उघडतं आणि आतून एक वेल वर वर वाढत जातो.

आता पुस्तकात यानंतर काय होईल? पान उलटेल. पण रॉबिनला पान उलटावंसं वाटेना. त्याला त्या वेलावरून वर चढून बघायचं होतं, खाली उतरूनही बघायचं होतं. मग 'पान दोन' आलंच नाही. त्याऐवजी एक जग तयार झालं. काळं-पांढरं, हाताने काढलेलं, आणि त्यात ससा, ड्रॅगन, हत्ती. कुठूनही कुठेही जा. जिंकायचं काही नाही, कोणी ओरडणारं नाही.

हा गेम म्हणजे 'द मॅनहोल'. दोघा भावांनी तो १९८८ मध्ये स्वतःच फ्लॉप्यांवर विकायला काढला. पुढच्याच वर्षी त्याची सीडी-रॉम आवृत्ती आली, आणि सीडीवर आलेल्या अगदी पहिल्या कॉम्प्युटर गेम्समध्ये तो गणला जातो. याच मिलर बंधूंनी १९९३ मध्ये 'मिस्ट' काढला आणि त्याने जग गाजवलं. मोठ्यांच्या त्या गूढ बेटाचं मूळ एका लहान मुलांच्या पुस्तकात आहे, बरं का!

पण बघा, 'मॅनहोल'ने पहिला प्रश्न कसा सोडवला? गोष्टच काढून टाकली. तिथे फिरणं हीच गंमत. हे उत्तर सुंदर आहे, पण मग त्याला पुस्तक म्हणायचं का?

आजी, समुद्र आणि एक सीडी: १९९२

दुसरं उत्तर आलं 'ब्रॉडरबंड' या कंपनीकडून. नाव ओळखीचं वाटत नसेल, तर घरातल्या मोठ्या ताई-दादांना 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवतो का विचारा. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांचा डोळा चुकवून खेळला जाणारा तो राजपुत्र ब्रॉडरबंडनेच बाजारात आणला होता. 'मिस्ट'सुद्धा त्यांनीच प्रकाशित केला.

या कंपनीत मार्क श्लिक्टिंग नावाचा एक डिझायनर होता. त्याच्या कल्पनेतून 'लिव्हिंग बुक्स' ही मालिका उभी राहिली. पहिली सीडी १९९२ ची, 'जस्ट ग्रँडमा अँड मी'. मर्सर मेयर यांचं मूळ पुस्तक १९८३ चं. गोष्ट एवढीशी: एक छोटा प्राणी आजीबरोबर समुद्रावर जातो आणि दिवसभर खेळून घरी येतो.

यासाठी सीडीच का लागली? आवाजासाठी. तेव्हाच्या फ्लॉपीत मावायचे १.४४ एमबी, सीडीत साधारण ६५०. म्हणजे एका सीडीत साडेचारशे फ्लॉप्या! वाचून दाखवणारा खराखुरा माणसाचा आवाज, गाणी, ॲनिमेशन हे सगळं पहिल्यांदाच एका तबकडीवर बसत होतं. ज्याला वाचता येत नाही अशा खेळाडूसाठी आवाज हाच तर सगळा खेळ.

आता श्लिक्टिंगच्या टीमने काय केलं ते नीट बघा. पान उघडलं की आधी ते पूर्ण वाचून दाखवलं जायचं. जो शब्द उच्चारला जातोय तो स्क्रीनवर उजळायचा. तेवढा वेळ क्लिक करून काही उपयोग नाही. वाचन संपलं, की मग अख्खं चित्र मुलाच्या ताब्यात. याला टोच, त्याला टोच, कोणी नाचेल, कोणी गाईल. एकेका शब्दावर क्लिक केलं तर तो शब्द पुन्हा ऐकू यायचा. मन भरलं की बाण दाबून पुढचं पान.

म्हणजे आधी गोष्ट, मग दंगा. आपल्याकडे आजी म्हणते ना, 'आधी जेवण, मग खेळ', अगदी तसं. त्यात दोन पर्याय होते: नुसतं वाचून दाखव, किंवा मला खेळू दे. आणि सीडीच्या डब्यात छापील पुस्तकसुद्धा मिळायचं. स्क्रीन बंद झाली तरी गोष्ट हातात उरायची.

आणखी एक गंमत. याच सीडीत इंग्रजी, स्पॅनिश आणि जपानी अशा तीन भाषा होत्या. एक बटण दाबलं की तीच आजी जपानीत बोलायला लागायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

जांभळी गाडी आणि जादूचं पेन

त्याच १९९२ साली 'मंकी आयलंड'वाल्या रॉन गिल्बर्टने शेली डे यांच्यासोबत 'ह्युमंगस एंटरटेनमेंट' सुरू केली. त्यांचा पहिला हिरो होता 'पट-पट', एक जांभळी छोटी गाडी. त्याला मिरवणुकीत जायचंय, पण त्याआधी गाडी धुवायला हवी, फुगा हवा आणि सोबत एक पाळीव प्राणी हवा. पैसे कमवायला तो लोकांचं गवत कापून देतो. इथे क्लिकचं काम वेगळं होतं. योग्य ठिकाणी हात लावल्याशिवाय गोष्ट पुढे सरकायचीच नाही. नुसती गंमत करणारी ठिकाणंही भरपूर होती, पण पट-पटला मिरवणुकीत पोचवायचं काम मुलाचंच.

जपानमध्ये सेगाने १९९३ मध्ये 'पिको' आणला. लॅपटॉपसारखा उघडणारा रंगीत डबा, टीव्हीला जोडायचा. त्याची कार्ट्रिज म्हणजे चक्क जाड पानांचं पुस्तक. मुलाने हाताने पान उलटलं की टीव्हीवरचं दृश्य बदलायचं, आणि पेन चित्रावर टेकवलं की ते हलायचं-बोलायचं. अमेरिकेत तो फारसा चालला नाही. जपानमध्ये मात्र दहा वर्षांहून जास्त टिकला आणि २००५ मध्ये त्याची जागा 'बीना' या त्याच्याच वारसाने घेतली. पान उलटणं ही मुलाच्या हाताची क्रिया आहे, हे पिकोला कळलं होतं.

आणि मग आला धंदा

इथे एक ओळखीचा चेहरा येतो. अमेरिकन 'शार्क टँक' बघता? त्यातला टक्कल असलेला, कडक बोलणारा केविन ओलियरी. टीव्हीवर यायच्या आधी तो 'सॉफ्टकी' नावाची कंपनी चालवायचा. स्वस्त सीडी भरमसाट विकायच्या आणि दुसऱ्या कंपन्या गिळायच्या, हा तिचा खाक्या. १९९५ मध्ये तिने 'द लर्निंग कंपनी' घेतली आणि तिचंच नाव लावलं. १९९८ मध्ये ब्रॉडरबंडही गिळली, आणि तिच्याबरोबर लिव्हिंग बुक्सही गेलं.

१९९९ मध्ये बार्बीवाल्या मॅटेलने ही सगळी मोट सुमारे साडेतीन अब्ज डॉलर्सना विकत घेतली. वर्षभरात कळलं की आतून सगळं पोकळ आहे. तोटा इतका वाढला की मॅटेलच्या प्रमुख जिल बॅराड यांना २००० मध्ये पद सोडावं लागलं, आणि त्याच वर्षी मॅटेलने ती कंपनी जवळजवळ फुकटात देऊन टाकली. कॉर्पोरेट जगातल्या सर्वांत फसलेल्या सौद्यांमध्ये त्याचं नाव आजही घेतलं जातं.

यात मुलांचं काय गेलं? एकेका पानावर महिनोन्‌महिने घालवणं परवडत नाही, असं हिशेबाच्या वहीने ठरवलं. जुन्या सीडी नव्या कॉम्प्युटरवर चालेनाशा झाल्या. जी गोष्ट ऐकत एक पिढी वाढली, ती तबकडीवर असूनही उघडेना. छापील पुस्तकाला वाळवी लागते, सीडीला तर तेवढंही लागत नाही!

बोट आलं, प्रश्न परत आला

२०१० मध्ये आयपॅड आला. तोपर्यंत दोन-तीन वर्षांच्या मुलापुढे मोठी अडचण होती माऊसची. हात टेबलावर, बाण स्क्रीनवर, दोन्हीचा मेळ घालायचा कसा? टचस्क्रीनने ही अडचणच पुसून टाकली. २०१२ मध्ये श्लिक्टिंग आणि जुन्या टीममधल्या लोकांनी लिव्हिंग बुक्सची पुस्तकं ॲपच्या रूपात परत आणली.

पण ॲप स्टोअरवर त्यांच्या शेजारी हजारो नवी 'पुस्तकं' होती, आणि त्यात जिकडे तिकडे टोचायला काही ना काही. इथे संशोधक जागे झाले. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या जोन गँझ कूनी सेंटरने पालक आणि मूल अशा ३२ जोड्यांना एकत्र वाचताना पाहिलं. भरपूर गमतीजमतींचं ई-बुक वाचलेल्या मुलांना छापील पुस्तकवाल्या मुलांपेक्षा गोष्टीतले तपशील कमी आठवले. अभ्यास लहान होता, पण इशारा स्पष्ट होता.

२०१५ मध्ये टाकाच, स्वार्ट आणि बस या तीन संशोधकांनी ४३ अभ्यास, म्हणजे २,१४७ मुलांची माहिती एकत्र तपासली. निष्कर्ष फार नेमका आहे. गोष्टीशी जुळणारं ॲनिमेशन, संगीत, आवाज यांचा मुलांना फायदा होतो. मध्येच येणारे गेम्स आणि टोचायच्या जागा मात्र गोष्ट समजण्याच्या आड येतात. म्हणजे दोष सरसकट स्क्रीनचा नाही. गोष्ट सोडून भलतीकडे पळवणाऱ्या क्लिकचा आहे. १९९२ मध्ये वाचन संपेपर्यंत क्लिक रोखून धरणाऱ्या टीमला हेच उमगलं होतं, हातात आकडे नसताना.

आपल्या भाषेत?

सीडीच्या त्या सुवर्णकाळात आपल्याकडे घरात कॉम्प्युटर असणारेच थोडे. आजी जपानीत बोलली, मराठीत नाही. पण गेल्या दहा वर्षांत काही घडलंय. २०१५ मध्ये प्रथम बुक्सने 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं. त्यावर मराठीसह कितीतरी भारतीय भाषांतली सचित्र पुस्तकं फुकट आहेत, आणि काही पुस्तकं वाचून दाखवताना शब्द उजळतात. तीच जुनी युक्ती! २०१९ मध्ये गुगलने भारतात 'बोलो' ॲप आणलं. ते सुरुवातीला हिंदी-इंग्रजीत होतं, मग मराठीतही आलं. यात तर उलटा कारभार: मूल वाचतं आणि फोन ऐकतो, अडलं तर मदत करतो.

तरी खरं सांगू? आज बहुतेक चिमुकल्यांच्या हातात यातलं काहीच नसतं. असतो एकामागून एक आपोआप सुरू होणारा व्हिडिओ. लिव्हिंग बुक्सला शेवटचं पान होतं, पट-पटची मिरवणूक कधीतरी संपायची. त्या व्हिडिओंना शेवटचं पानच नाही. गोष्ट संपली की मूल वर बघतं, 'परत सांग' म्हणतं, प्रश्न विचारतं. संपलीच नाही तर वर बघायचं कधी?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं, की दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी तेवढी बरी. आणि बसायचंच असेल तर मोठ्या माणसासोबत वाचन आणि गोष्टी.

तेव्हा भाचीला किंवा पुतण्याला पुढच्या वेळी फोन द्याल, तेव्हा तीन गोष्टी तपासा. हात लावल्यावर गोष्ट पुढे जाते की भरकटते? ती कुठेतरी संपते का? आणि शेजारी कोणी बसलंय का? तिसऱ्याचं उत्तर 'मी' असेल, तर पहिल्या दोघांत थोडं उन्नीस-बीस चालून जाईल.

तुमच्या लहानपणी असा एखादा गेम होता का, किंवा आज तुमच्या घरातल्या पिल्लाला मराठीतलं काही आवडतंय का, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, आणि अधूनमधून कोणाला तरी वाचूनही दाखवा!